केरूनाना छत्रे

२६ जुलै २०१९ च्या रात्री उल्हास नदीस महापूर आला आणि बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्याने वेढली गेली. दुसऱ्या दिवशी हजारावर उतारू सुखरूप बाहेर काढण्यात आले. असा पाऊस झाला की हवामान बदलले, असे आपण सहज बोलून जातो. पण एका रात्रीवरून तसे म्हणता येते काय? याचे उत्तर कोणत्या मार्गाने शोधावे, हे प्रोफेसर केरो लक्ष्मण छत्रे यांच्या चरित्रावरून कळते.

केरूनानांचा जन्म १८२५ साली अलिबागजवळील नागाव येथे झाला. बालपणीच पोरके झाल्यामुळे ते मुंबईस चुलत्यांच्या आश्रयाने वाढले. त्यांची गणितातील गती पाहून प्रोफेसर ऑर्लिबार यांनी त्यांस, विशी उलटण्यापूर्वीच, कुलाब्याच्या वेधशाळेत घेतले. उष्णमापक व वायुभारमापक नेमल्या वेळी पाहावयाचे आणि आकडा वहीत उतरावयाचा, असे तेथील काम. त्यात ना कीर्ती, ना चमत्कार! परंतु चुकलेली वेळ पुन्हा हाती लागत नाही, आणि अंदाजाने लिहिलेला एक आकडा सबंध वहीचा विश्वास घालवितो. या शिस्तीत केरूनानांनी सुमारे दहा वर्षे काढली.

पुढे ते पुण्यास गणित व सृष्टिशास्त्र शिकवू लागले. टिळक व आगरकर हे त्यांचे शिष्य होत. १८६० साली त्यांचा ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सूर्यावरील डागांचा पृथ्वीच्या हवामानाशी काय संबंध असावा, याचाही त्यांनी अभ्यास केला. १८८४ साली ते निवर्तले.

सूर्यावरील डाग सुमारे अकरा वर्षांच्या फेऱ्याने वाढतात व घटतात. परंतु सध्याच्या तापमानवाढीचे मुख्य कारण ते नव्हेत. कोळसा व खनिज तेल जाळल्याने हवेत साठणारा कार्बन डायऑक्साइड वायू हे ते कारण होय. हा निर्णय शास्त्रज्ञांस करता आला, तो देशोदेशीच्या दीर्घकालीन नोंदींच्या आधारे. आणि कुलाब्याची वही ही त्यांपैकीच एक.

मुलांनो, एका दिवसाची हवा निराळी आणि हवामान निराळे. हवामान ठरविण्यास शास्त्रज्ञ सामान्यतः तीस वर्षांच्या नोंदी घेतात. तेव्हा यंदाच्या मृगापासून शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवून रोजचा पाऊस लिहू लागा. तुम्ही शाळा सोडून जाल, पण वही राहील. पुढे उल्हासेस पूर येईल तेव्हा येथील मुलांस तिच्यात पाहून खरे उत्तर देता येईल.