भाऊ दाजी लाड

डॉ. रामकृष्ण विठ्ठल लाड ऊर्फ भाऊ दाजी लाड (इ.स. १८२२ – इ.स. १८७४) हे मुंबईतील नामवंत डॉक्टर, प्राच्यविद्यापंडित व समाजसुधारक होते. त्यांचा जन्म गोव्यात झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून ते पदवीधर झाले. गोरगरिबांवर ते विनामूल्य उपचार करीत. स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार व अजिंठ्याच्या शिलालेखांचे वाचन ही त्यांची अन्य कार्ये होत.

अमेरिकन यादवी युद्ध व आर्थिक आघात

इ.स. १८६१ मध्ये अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्याने इंग्लंडमधील गिरण्यांना मुंबईच्या कापसाची निकड भासू लागली. मुंबईत पैशाचा पूर लोटला, नव्या बँका व कंपन्या निघाल्या आणि शेअरांचा सट्टा बोकाळला. भाऊ दाजीही त्यात ओढले गेले. इ.स. १८६५ मध्ये युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले. या पडझडीत त्यांची बहुतेक संपत्ती नष्ट झाली.

उत्तरायुष्य

संपत्ती गेली, तरी लोकांचा विश्वास ढळला नाही. इ.स. १८६९ व इ.स. १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. कुष्ठरोगावरील औषधाचे संशोधनही त्यांनी केले. भायखळा येथील वस्तुसंग्रहालयाला इ.स. १९७५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.