परीक्षेनंतरचा डॉप्लर

इंजिनीअरिंगला डॉप्लर मला परीक्षेपुरता भेटला. तो पुन्हा आठवला आपल्या बॅचच्या डॉक्टर मैत्रिणीमुळे. अपघातात छातीला जबर मार लागलाय, सीटी स्कॅनला हलवणंही धोक्याचं आहे, अशा वेळी अन्ननलिकेतून सोनोग्राफीचा प्रोब उतरवून महाधमनी फाटली आहे का ते पाहतात. वाहत्या रक्तावरून परतणाऱ्या ध्वनीची वारंवारता बदलते, आणि पडद्यावर प्रवाह लाल-निळा उमटतो.

ख्रिश्चन डॉप्लर १८०३ साली साल्झबुर्गला पाथरवटाच्या घरी जन्मला. प्रकृती तोळामासा, म्हणून हाती छिन्नीऐवजी पुस्तक आलं. नोकरी मिळेना. सामान विकून अमेरिकेला निघायच्या बेतात असताना प्रागला शिक्षकाची जागा मिळाली. तिथेच १८४२ मध्ये त्यानं मांडलं, की जोडताऱ्यांचे रंग त्यांच्या गतीमुळे वेगळे दिसतात. ताऱ्यांच्या रंगांबाबत तो चुकला, तत्त्व मात्र खरं निघालं. १८४५ मध्ये हॉलंडमध्ये चालत्या आगगाडीत कर्णे वाजवून ते आवाजावर पडताळलं गेलं. १८५३ मध्ये, पन्नाशीही न गाठता, तो व्हेनिसला वारला.

एक गंमत. जवळ येणारा तारा निळसर दिसावा, असा त्याचा हिशेब. मशीनवर मात्र प्रोबकडे येणारं रक्त सहसा लाल दाखवतात!