प्लेगशी झुंजणारे हाफकीन

मुलांनो, मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे सिंदी (रेल्वे) गावावरून जाते. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा हजारो लोक घरदार सोडून शहराबाहेर पळाले. त्याच वेळी एक शास्त्रज्ञ मात्र मुद्दाम मुंबईत आले. त्यांचे नाव वाल्डेमार हाफकीन.

हाफकीन यांचा जन्म १८६० साली ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. पुढे ते पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत गेले. तेथे त्यांना आधी काम मिळाले ते ग्रंथालयात! तरी प्रयोग करून १८९२ साली त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना लहानशी जागा मिळाली. पोषक रसावर तूप तरंगत ठेवून त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले आणि उष्णतेने मारले. मेलेल्या जंतूंमुळे रोग होत नाही. पण ते टोचले की शरीर त्यांना ओळखू लागते. पुढे जिवंत जंतू शिरले, तर शरीर लढायला तयार असते. हीच रोगप्रतिकारशक्ती.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकीन यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, पण ते लवकर बरे झाले. लोक मात्र सुईला भीत होते. तेव्हा आगाखान यांनी सर्वांसमोर लस टोचून घेतली. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपला बंगलाही दिला. १८९९ साली प्रयोगशाळा परळला गेली.

तुम्ही विचाराल, गोळ्या का दिल्या नाहीत? त्या काळी प्रतिजैविके नव्हतीच. आज प्लेगवर ती वेळेवर दिली, तर बहुतेक रोगी वाचतात. सर्दी आणि फ्लू मात्र विषाणूंमुळे होतात. त्यांवर प्रतिजैविके चालत नाहीत. तिथे आपले शरीरच लढते.

१९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. सारा दोष हाफकीन यांच्यावर आला आणि त्यांना कामावरून दूर केले गेले. खरे तर त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली होती. ती उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता. किती हा अन्याय! अनेक शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि १९०७ साली ते निर्दोष ठरले. ते पुन्हा भारतात आले व कलकत्त्यात काम करू लागले.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकीन संस्था हे नाव मिळाले. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे ते वारले.