मज्जातंतू बधिर करायचं तंत्र जगाला दिलं, पण स्वतः मात्र व्यसनात अडकले... वाचा डॉ. विल्यम हॅल्स्टेड यांची गोष्ट!

मंडळी, सिझेरियन किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या कुणालाही विचारा, भूल उतरल्यावरची पहिली रात्र कशी गेली? साधा खोकला आला तरी जीव कळवळतो. कूस बदलणं तर लांबच. हल्ली बऱ्याच हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या स्क्रीनवर बघत पोटाच्या भिंतीत एक इंजेक्शन देतात आणि ही रात्र बरीच सुसह्य होते. यालाच नर्व्ह ब्लॉक म्हणतात. या तंत्राचा पाया घालणाऱ्या सर्जनने त्याची किंमत आयुष्यभर मोजली. आज त्यांच्याबद्दलच जाणून घेऊया.

विल्यम स्टुअर्ट हॅल्स्टेड यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्कमधल्या एका श्रीमंत व्यापारी घराण्यात झाला. येल विद्यापीठात असताना ते फुटबॉल संघाचे कॅप्टन होते. पुढे १८७७ मध्ये ते डॉक्टर झाले, युरोपात जाऊन शिकून आले आणि १८८० पासून न्यूयॉर्कमध्ये सर्जरी करू लागले.

माणूस किती धाडसी होता बघा. १८८१ मध्ये बाळंतपणानंतर त्यांच्या बहिणीला प्रचंड रक्तस्राव झाला. हॅल्स्टेड यांनी स्वतःचं रक्त काढून तिला दिलं आणि तिला वाचवलं. तेव्हा रक्तगटांचा शोधही लागलेला नव्हता! पुढच्याच वर्षी आई आजारी पडली. तेव्हा त्यांनी मध्यरात्रीनंतर घरातल्या टेबलावरच तिचं ऑपरेशन करून पित्ताशयातले खडे काढले.

त्या काळी ऑपरेशन म्हटलं की ईथर किंवा क्लोरोफॉर्म हुंगवून पेशंटला पूर्ण बेशुद्ध करावं लागे आणि त्यात जिवाला धोका असे. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी दाखवून दिलं की कोकेनचे थेंब टाकले तर डोळा बधिर होतो. ही बातमी न्यूयॉर्कला पोहोचली आणि हॅल्स्टेड यांनी एक पाऊल पुढचा विचार केला. औषध वरून लावण्याऐवजी त्या भागाकडे जाणारा मज्जातंतूच गाठला तर?

सोप्या भाषेत सांगायचं तर घरातला एकेक दिवा विझवत बसण्यापेक्षा थेट मेन स्विच बंद करायचा. मज्जातंतू वेदनेचा निरोप मेंदूकडे नेतो. त्याच्याजवळ औषध सोडलं की निरोप वाटेतच अडतो. पेशंट जागा असतो, पण तेवढ्या भागात दुखत नाही. हॅल्स्टेड आणि त्यांचे सहकारी रिचर्ड हॉल यांनी खालच्या जबड्याच्या मज्जातंतूवर हा प्रयोग यशस्वी केला. आजही खालची दाढ काढताना डेंटिस्ट हीच पद्धत वापरतात.

पण मंडळी, हे प्रयोग त्यांनी केले कुणावर? स्वतःवर आणि एकमेकांवर! कोकेनचं व्यसन लागतं हे तेव्हा फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. काही महिन्यांतच हॅल्स्टेड, हॉल आणि इतर सहकारी त्याच्या विळख्यात सापडले. १८८५ मध्ये हॅल्स्टेड यांनी या विषयावर लिहिलेला लेख इतका विस्कळीत होता की वाचणाऱ्याला अर्थच लागू नये. न्यूयॉर्कमधली त्यांची कारकीर्द तिथेच संपली.

१८८६ मध्ये ते मानसिक आजारांवर उपचार करणाऱ्या बटलर हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. तिथे कोकेन सोडवण्यासाठी त्यांना मॉर्फीन देण्यात आलं. म्हणजे आगीतून फुफाट्यात! ते मॉर्फीन त्यांना पुढे सुटलं नाही.

अशा अवस्थेत त्यांचे मित्र डॉ. विल्यम वेल्च यांनी त्यांना बाल्टिमोरला आपल्या प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. तिथून त्यांचा दुसरा डाव सुरू झाला. १८८९ मध्ये उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलचे ते सर्जरी विभागप्रमुख झाले. घाईघाईत ऑपरेशन उरकण्याऐवजी रक्तस्राव थांबवत, हळुवार हाताने ऑपरेशन करायला त्यांनी शिकवलं. जंतुनाशकामुळे नर्स कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांना त्रास होऊ लागला, म्हणून त्यांनी रबराचे हातमोजे बनवून घेतले. पुढे १८९० मध्ये दोघांचं लग्नही झालं! सर्जन घडवणारी रेसिडेन्सी पद्धतही अमेरिकेत त्यांनीच रुजवली. त्यांचेच शिष्य हार्वे कुशिंग यांनी पुढे हर्नियाच्या ऑपरेशनसाठी कोकेनने मज्जातंतू बधिर करण्याची पद्धत वापरली.

या साऱ्या काळात त्यांचं मॉर्फीन चालूच होतं. सहकारी डॉ. विल्यम ऑस्लर यांनी हे गुपित लिहून ठेवलं होतं, पण ते जगासमोर आलं थेट १९६९ मध्ये. आईच्या पित्ताशयातले खडे काढणाऱ्या या सर्जनला स्वतःलाही पित्ताशयाच्या आजाराने गाठलं. दुसऱ्या ऑपरेशननंतर गुंतागुंत होऊन ७ सप्टेंबर १९२२ रोजी त्यांचं निधन झालं.

आता कोकेनची जागा व्यसन न लावणाऱ्या औषधांनी घेतली आहे. पोटाच्या ऑपरेशननंतर दिला जाणारा टॅप ब्लॉक घ्या. पोटाच्या स्नायूंच्या दोन थरांमधून मज्जातंतू जातात, तिथे हे औषध सोडलं जातं. त्यामुळे टाक्यांच्या जागेचं दुखणं काही तास दबतं. आतल्या अवयवांचं दुखणं मात्र त्याने थांबत नाही, म्हणून सोबत इतर औषधंही लागतात. पण याचा मोठा फायदा म्हणजे मॉर्फीनसारखी औषधं कमी द्यावी लागतात.

ज्या मॉर्फीनने हॅल्स्टेड यांना शेवटपर्यंत सोडलं नाही, त्याचीच गरज कमी करणारं हे तंत्र त्यांच्याच प्रयोगांतून पुढे आलं आहे. तेव्हा तुमच्या घरात कुणाचं पोटाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर आपल्यासाठी नर्व्ह ब्लॉक योग्य आहे का, हे भूलतज्ज्ञांना आधीच नक्की विचारा.

माहिती आवडली तर शेअर करायला विसरू नका!