भयाशी झुंजणारा प्राध्यापक

मुंबईच्या न्यायालयात १९३४ साली एक आगळा खटला चालला. आरोपीच्या पिंजऱ्यात होते गणिताचे माजी प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे. त्यांचे वकीलपत्र घेतले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. लैंगिक अडचणींविषयी वाचकांनी पाठविलेल्या प्रश्नांना कर्वे यांनी आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात उत्तरे दिली होती. ती अश्लील असल्याचा सरकारचा आरोप होता. लैंगिक प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देणे हाच मुळात अपराध कसा ठरू शकतो, असा बचाव डॉ. आंबेडकर यांनी मांडला. तो न्यायालयाला मान्य झाला नाही. कर्वे यांना दोनशे रुपये दंड झाला. त्याआधी १९३१ साली दुसऱ्या एका लेखासाठी त्यांनी शंभर रुपये दंड भरलाच होता.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे झाला. स्त्रीशिक्षणाचे अध्वर्यू महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ पुत्र. आई राधाबाई यांचे १८९१ साली बाळंतपणात निधन झाले, तेव्हा ते अवघे नऊ वर्षांचे होते. कुशाग्र बुद्धीचा हा विद्यार्थी पुढे मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला, फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाला आणि गणिताच्या उच्च शिक्षणासाठी पॅरिसलाही जाऊन आला. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते गणित शिकवू लागले.

मात्र त्यांचे मन गुंतले होते ते वेगळ्याच विषयात. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. डॉ. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्रही त्याच वर्षीचे. १९२३ मध्ये त्यांचे संततिनियमनावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. अशा विचारांचा उघड प्रचार करणारा प्राध्यापक महाविद्यालयाच्या चालकांना चालण्यासारखा नव्हता. १९२५ साली त्यांना नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाई यांची या कार्यात त्यांना साथ होती. अपत्य होऊ न देण्याचा निर्णयही दोघांनी संमतीने घेतला होता.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’चा पहिला अंक निघाला. चारचौघांत ज्याचा उच्चारही करता येत नव्हता, ते या मासिकाकडे लिहून विचारता येत होते. तरुणपणी हस्तमैथुन केल्याने शरीर कायमचे निकामी होते, अशी त्या काळी सार्वत्रिक समजूत होती. वीर्याचा एक थेंब रक्ताच्या चाळीस थेंबांपासून बनतो, हे तिचेच दुसरे रूप. धडधाकट तरुण या धास्तीने स्वतःला नपुंसक समजू लागत. कर्वे यांनी अशा समजुतींना शास्त्राचा कोणताही आधार नसल्याचे सातत्याने सांगितले. शक्तीची औषधे विकणाऱ्यांच्या धंद्याचे भांडवल नेमके हेच भय होते आणि आजही आहे.

आजचे वैद्यकशास्त्र या बाबतीत कर्वे यांच्याच बाजूने आहे. हस्तमैथुनाने नपुंसकत्व येत नाही, त्याच्या धास्तीने मात्र येऊ शकते. लिंगाला ताठरता येते ती त्यातील रक्तवाहिन्या सैल होऊन रक्त भरल्यामुळे. मनात भीती दाटली, की शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन वाढते, त्या रक्तवाहिन्या आकसतात आणि ताठरता टिकत नाही. एकदा असे घडले, की पुढील वेळी तेच घडेल ही चिंता बळावते. अपराधी भावना, नैराश्य, अपुरी झोप, कामाचा ताण आणि पती-पत्नीतील अबोला यांनीही हेच होते. झोपेत किंवा पहाटे ताठरता येत असेल, तर शरीराची यंत्रणा बहुधा शाबूत असून अडचण मनात असल्याचे डॉक्टर मानतात.

तथापि, सारे काही मनाचेच खेळ म्हणून सोडून देणेही धोक्याचे ठरते. धूम्रपान, तंबाखू व अतिमद्यपान, रक्तदाबाची व नैराश्यावरील काही औषधे, टेस्टोस्टेरॉनची कमतरता ही कारणे वरून निरोगी दिसणाऱ्या पुरुषातही असू शकतात. निदान न झालेला मधुमेह हेही एक कारण. लिंगातील रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा अरुंद असल्याने रक्तप्रवाहातील अडथळा तेथे आधी जाणवतो. त्यामुळे काही पुरुषांमध्ये ही तक्रार पुढील हृदयविकाराची आगाऊ सूचना असते. १९९८ पासून सिल्डेनाफिलसारखी गुणकारी औषधे उपलब्ध आहेत. परंतु ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाची असतात. छातीत दुखण्यावर नायट्रेटची गोळी घेणाऱ्या रुग्णाचा रक्तदाब या औषधाने धोकादायकरीत्या घसरू शकतो.

रघुनाथरावांच्या हयातीत परभणी जिल्ह्यातील पालम हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. आज ते तालुक्याचे ठिकाण आहे. मुंबईत दवाखान्याची पायरी चढताना निदान ओळखीचे कोणी भेटण्याची शक्यता कमी. जेथे सारे एकमेकांना ओळखतात, अशा गावात संकोच अधिक आणि म्हणूनच गुप्तपणे घेतलेल्या चूर्णाचा मोहही अधिक. वास्तविक रक्तातील साखर, रक्तदाब आणि सुरू असलेली औषधे तपासण्याचे पहिले काम नेहमीचे डॉक्टरही करू शकतात. त्यासाठी प्रश्न मात्र विचारावा लागतो.

तो विचारता यावा यासाठीच रघुनाथरावांनी नोकरी, पैसा आणि प्रतिष्ठा पणाला लावली. पदरचे पैसे घालून त्यांनी तब्बल सव्वीस वर्षे मासिक चालविले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच महिन्यात ‘समाजस्वास्थ्य’ही थांबले. २००१ साली अमोल पालेकर यांच्या ‘ध्यासपर्व’ या चित्रपटाने त्यांचे जीवन पडद्यावर आणले. न्यायालयात ते दोनदा हरले. प्रश्न विचारणाऱ्याला लाज वाटू नये, हा त्यांचा आग्रह मात्र आज प्रत्येक जाणता डॉक्टर आपला मानतो.