आकाशवाणीच्या धुनेमागचा निर्वासित : वॉल्टर कॉफमन

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या वस्त्यांमध्ये आपल्या आजी-आजोबांची सकाळ रेडिओने उजाडत असे. बातम्यांच्या आधी तंबोऱ्याच्या साथीवर व्हायोलिनची एक धून वाजायची. शिवरंजनी रागाच्या अंगाने जाणारी ही धून १९३६ च्या सुमाराची. तिचे श्रेय काही जण इतरांनाही देतात. पण सर्वसाधारणपणे ती वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. हे कॉफमन म्हणजे नाझींच्या छळापासून दूर मुंबईत आलेले एक ज्यू संगीतकार होते. आपल्या तरुणांना त्यांची ओळख असावी, असे आम्हाला वाटते.

कॉफमन यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी कार्ल्सबाड येथे झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. बर्लिनमध्ये संगीताचे शिक्षण घेऊन ते प्रागच्या जर्मन विद्यापीठात संशोधन करू लागले. प्रबंध तयार होता. पण आपले प्राध्यापक नाझींच्या गोटातले आहेत हे कळताच त्यांनी डॉक्टरेट नाकारली. पदवीसाठी माणसे काय काय गिळतात हे आपण रोज पाहतो. सत्तावीस वर्षांच्या या तरुणाने ते गिळले नाही.

१९३४ मध्ये ते मुंबईत आले. थोडे दिवस राहायचे म्हणून आलेला हा माणूस बारा वर्षे राहिला. आल्या आल्या त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. व्हायोलिनवादक मेहली मेहता त्यांच्यासोबत वाजवत. मोहन भवनानी यांच्या चित्रपटांसाठी त्यांनी काम केले. १९३७ पासून १९४६ पर्यंत ते ऑल इंडिया रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते.

मागे राहिलेल्यांच्या वाट्याला काय आले? त्यांच्या पहिल्या पत्नी गर्टी या लेखक फ्रान्झ काफ्का यांच्या भाची. काफ्कांच्या तिन्ही बहिणी नाझींच्या वंशसंहारात मारल्या गेल्या. त्यांत गर्टी यांच्या आई एली याही होत्या. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था शेवटी कुठे जाते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

भारतीय संगीत पहिल्यांदा ऐकले तेव्हा कॉफमन यांना ते अजिबात कळले नव्हते. त्यांनी त्याला नावे ठेवली नाहीत. इतक्या लोकांना ते प्रिय असेल, तर उणीव आपल्या ऐकण्यात आहे, असे मानून ते शिकायला बसले. विशेष म्हणजे ते फक्त उस्तादांच्या मैफलीत रमले नाहीत. गोंड आणि बैगा आदिवासींची गाणी त्यांनी स्वरलिपीत उतरवली. त्यावरचा त्यांचा लेख १९४१ मध्ये अमेरिकेत छापून आला. ज्यांच्या गाण्याला इथले अभिजन संगीतच मानत नव्हते, त्यांचे गाणे या परक्याने अभ्यासाच्या पातळीवर नेले.

१९४६ मध्ये त्यांनी भारत सोडला. पुढे कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचे ते संचालक झाले आणि १९५७ पासून अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले. पदवी नाकारलेला माणूस प्राध्यापक झाला. उत्तर आणि दक्षिण भारतीय रागांवर त्यांनी मोठे ग्रंथ लिहिले. १९७५ मध्ये तिबेटी बौद्ध पठणावरचे त्यांचे पुस्तक आले. भिक्खूंच्या पठणाची स्वरचिन्हे त्यात उलगडली आहेत. ९ सप्टेंबर १९८४ रोजी त्यांचे निधन झाले.

३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी याच आकाशवाणीवरून आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान मांडले आणि त्याचे मूळ बुद्धाच्या शिकवणीत असल्याचे सांगितले. ते भाषण आपण दरवर्षी आठवतो. त्या आकाशवाणीची ओळख बनलेला सूर मात्र एका बेघर झालेल्या माणसाचा आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

आज कोण आपला आणि कोण बाहेरचा यावर उपनगरांतल्या गल्ल्यागल्ल्यांत भांडणे लावली जात आहेत. अशा वेळी कॉफमन यांचे नाव आपल्या अभ्यासवर्गात घेतले जावे, एवढीच आमची अपेक्षा आहे. या शहराने एका निर्वासिताला जागा दिली, आणि त्याने देशाला अशी धून दिली की कुणालाही ती परकी वाटली नाही.