नाताळ अंकांवरून सुचलेली दिवाळी

डिसेंबर उजाडला तरी वाशी-नेरूळच्या वाचनालयांतून दिवाळी अंकांची देवाणघेवाण सुरूच असते. नाताळच्या सुट्टीत निवांत वाचण्याजोगी हलकीफुलकी प्रेमकथा अनेकांना याच अंकांत सापडते. हा मेळ वाटतो तेवढा आकस्मिक नाही. मराठीतील पहिला दिवाळी अंक म्हणून ज्याचा मान मानला जातो, त्या अंकाच्या संपादकासमोर नमुना होता तो इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ विशेषांकांचाच. हे संपादक म्हणजे ‘मनोरंजन’कार काशीनाथ रघुनाथ मित्र.

त्यांचा जन्म १८७१ मधला. मूळचे ते आजगावकर. बंगाली साहित्याची त्यांना विलक्षण ओढ होती. ती भाषा शिकून त्यांनी तेथील कथा-कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि बंगालमध्ये रूढ असलेले ‘मित्र’ हे आडनाव स्वतःही धारण केले. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत ‘मनोरंजन’ मासिक सुरू केले, तेव्हा त्यांची पंचविशीही उलटली नव्हती.

तो काळ अशा धाडसाला अनुकूल नव्हता. साक्षरता बेताची, मासिकाला वर्गणी भरणारा वर्ग लहान आणि गोष्टी-कादंबऱ्यांचे वाचन म्हणजे वेळेचा अपव्यय, अशी अनेक घरांतील समजूत. हरिभाऊ आपटे यांनी १८९० पासून ‘करमणूक’मधून घरगुती वाचनाची वाट मोकळी केली होती. मित्रांनी ती रुंद केली. सुबोध भाषा, चित्रे, कविता आणि गोष्टी यांच्या जोडीने स्त्रीशिक्षण व समाजसुधारणेचा विचार त्यांनी माजघरापर्यंत पोहोचविला. लिहू पाहणाऱ्या स्त्रियांनाही त्यांनी मासिकाची पाने खुली केली.

इंग्लंडमध्ये नाताळ आणि गोष्ट यांचे नाते तोवर पक्के झाले होते. डिकन्सची प्रसिद्ध नाताळकथा १८४३ मधली; त्यानंतर सणाला कथांनी भरलेला खास अंक काढण्याची प्रथाच तेथे रुजली. अमेरिकेत ओ. हेन्री यांनी परस्परांसाठी आपली लाडकी वस्तू विकून टाकणाऱ्या गरीब नवरा-बायकोची कथा १९०५ च्या डिसेंबरात वृत्तपत्रातूनच वाचकांना दिली. आपल्या सणालाही फराळाच्या ताटाबरोबर असा साहित्याचा फराळ का असू नये, या विचारातून १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक अवतरला.

या मासिकाने घडविलेल्या कथाकारांत वि. सी. गुर्जर अग्रगण्य. प्रभातकुमार मुखोपाध्याय यांच्या बंगाली कथांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. सुशिक्षित तरुण-तरुणी, गैरसमजांचे गुंते, मिस्कील योगायोग आणि अखेरीस गोड मीलन, असा त्यांच्या कथांचा बाज. आज तो भाबडा वाटेल. पण मुलीचे लग्न तिला कळू लागण्यापूर्वीच उरकण्याचा तो काळ होता. १८९१ च्या कायद्याने संमतिवयाची मर्यादा अवघी बारा वर्षांवर नेली, तरी त्यावरून महाराष्ट्रात रण माजले होते. अशा समाजात वधू-वरांनी एकमेकांना पाहावे, आवडावे, रुसावे आणि मग आपल्या मर्जीने लग्न करावे, असे रंगविणे ही केवळ करमणूक नव्हती. मुलीला स्वतःचे मन असते, ही गोष्ट या कथा कोणताही उपदेश न करता सांगत होत्या. व्याख्यानाला न जाणाऱ्या गृहिणीच्या हातीही त्या पडत होत्या.

हे यश मित्रांना फार काळ पाहता आले नाही. १९२० मध्ये, पन्नाशी गाठण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. ‘मनोरंजन’ पुढे १९३५ पर्यंत चालले आणि थांबले. तोवर ‘रत्नाकर’, ‘किर्लोस्कर’, ‘यशवंत’ अशा मासिकांनी मराठी कथेचा संसार हाती घेतला होता.

मासिक गेले, त्याने लावलेली सवय मात्र शंभर वर्षे उलटूनही टिकली. दरवर्षी शेकडो दिवाळी अंक निघतात. नाताळच्या थंडीत त्यांतली एखादी प्रेमकथा उघडणाऱ्या वाचकाच्या हाती, त्याच्या नकळत, मित्रांचाच वारसा असतो.